उणे दोनशे एकोणपन्नास

ओदोनकाका एका हिरव्या भुकटीच्या मागे तीस वर्षं लागलेत, आणि त्यातली सात माझ्या डोक्यावर बसून. भुकटी त्यांनीच बनवलेली. तिच्यातले अणू त्रिकोणात बसलेत. प्रत्येक अणू म्हणजे बारीकसं चुंबक, आणि प्रत्येकाला शेजाऱ्याच्या उलट तोंड करायचं असतं. दोघांचं जमतं, तिसऱ्यानं कुठं बघायचं? म्हणून कितीही थंड करा, त्यांचं एकमत होत नाही, असं सगळे म्हणतात. काका म्हणतात, होतं. वाकडंतिकडं, गुंतागुंतीचं, पण होतं.

डिसेंबरात ते निवृत्त होणार. आमची बुडापेस्टची अणुभट्टी शुक्रवारी दुपारी बंद होणार, ती दोन वर्षांच्या दुरुस्तीसाठी. म्हणजे न्यूट्रॉनांचा झोत मिळण्याची ही त्यांची शेवटची खेप.

अशा वेळी माणसानं जरा शांत राहावं की नाही? छे! सोमवारी मी भुकटीची डबी क्रायोस्टॅटमध्ये, म्हणजे आमच्या थंडीच्या पिंपात, सोडत होते, तर हे पाठीशी उभे.

"एमोके, आटप गं पोरी! न्यूट्रॉन वाया चाललेत!"

"काका, तुम्ही तिकडं जाऊन पोगाचा पाव खा बरं."

"खाल्ला. दोन खाल्ले. आटप!"

मी झाकण ठेवलं आणि बोल्ट आवळले.

बुधवारी न्यूट्रॉनांच्या आलेखावर नवी शिखरं उगवली, म्हणजे चुंबकं रांगेत बसल्याची खूण. उणे दोनशे एकोणपन्नास अंशांच्या खाली गेलं की हजर, वर आलं की गायब. काकांनी माझे गाल धरून दोन मुके घेतले. मग ल्युब्लियाना, प्राग, क्राकोव, जिथं जिथं लोक त्यांना हसले होते तिथं तिथं फोन. "झालं की नाही एकमत? आता बोला!"

मला मात्र तो आकडा टोचत होता. गुरुवारी सकाळी कॉफी पिताना डोक्यात प्रकाश पडला. गोठलेला ऑक्सिजन! त्याचे रेणूही चुंबकच, आणि बरोबर त्याच अंशाला शिस्तीत रांग धरतात. आमच्या धंद्यात हे नवख्यांना पहिल्या महिन्यात सांगतात.

"काका, पिंपात हवा शिरलीये."

"हवा तुझ्या डोक्यात शिरलीये."

"झाकण काढून बघू द्या."

"अजिबात नाही! तापवून परत थंड करेपर्यंत उद्याची सकाळ होईल. मला तापमानाच्या अजून बारीक पायऱ्यांनी मोजायचंय."

"काय मोजायचंय? खिडकीबाहेरची हवा?"

ते लालबुंद झाले. म्हणाले, तुला माझं चांगलं बघवत नाही. सात वर्षं यांची कटकट ऐकली, त्याचं हे बक्षीस! मी सरळ तापवायचं बटण दाबलं. पिंप माझ्या ताब्यात आहे, त्यांच्या नाही.

झाकण उघडलं. खालची रबरी चकती एका कडेला दुमडून चिमटली होती. तिथून चार दिवस हवा आत ओढली जात होती आणि डबीवर गोठत होती. काकांनी चकती उलटीपालटी करून बघितली. मी नवी बसवली, बोटानं दोनदा चाचपली, थंडीसाठी हेलियम भरला.

शुक्रवारी सकाळी नऊला पुन्हा उणे दोनशे एकोणपन्नास. मग दोनशे साठ, मग दोनशे एकाहत्तर. एकही शिखर नाही. दुपारी बाराला भट्टी बंद झाली. काका खुर्चीत बसून राहिले. मला इतकी चीड आली, त्यांच्या घाईची, त्या फोनांची आणि सगळ्यात जास्त माझ्याच हातांची, की रडू फुटायचं बाकी राहिलं.

मग ते उठले आणि नोंदवहीत लिहायला लागले. मी खांद्यावरून वाचलं: 'झाकण मी लावलं. चकती मी तपासली नाही.'

"हे काय? झाकण मी लावलं!"

"तुला इथं अजून वीस वर्षं काढायचीत. माझं काय, डिसेंबरपर्यंत."

"तीस वर्षं एक आकडा खोटा लिहिला नाहीत, आणि आज खोटं लिहिताय? द्या इकडं ते पेन!"

हिसकावलंच मी. त्यांची ओळ खोडली, माझं नाव घातलं.

"मग खाली तेही लिही," ते म्हणाले. "उणे दोनशे एकाहत्तरपर्यंत काहीही नाही. माझा हात वळत नाहीये."

मी लिहिलं. सही त्यांनी केली.