वेंधळ्या हाताचे माप

दिनांक ६ ऑक्टोबर १९५८, सोमवार, सकाळी नऊ वाजून दहा मिनिटे. टेबलावर तक्रारीची पत्रे दोनशे बारा.

उसामी तोकुजी यांनी ती दोनदा मोजली. दुसऱ्यांदा मोजताना एखादे कमी भरेल अशी त्यांची अंधूक आशा होती. पण आकडा आपल्या शब्दाला जागला.

तोक्योच्या कांदा भागातल्या त्सुकिमोरी प्रकाशनाचे मुलांचे मासिक ‘सवंगडी’ महिन्याला तीन लाख ऐंशी हजार खपत असे, आणि त्या खपाचे निम्मे श्रेय आतल्या मजकुराला नव्हे, तर अंकाला सुतळीने बांधलेल्या जोडभेटीला जाई. ही भेट कागदाचीच असावी लागे. मासिके रेल्वेने सवलतीच्या दरात जात, आणि रेल्वेचा नियम असा की अंकासोबत कागदाखेरीज काहीही जाऊ नये. खिळा नाही, रबर नाही, काच नाही. तंत्रविद्यालयात यंत्ररचना शिकलेल्या उसामींनी हा नियम अकरा वर्षे आनंदाने पाळला होता. त्यांनी कागदाचे तारांगण केले, कागदाची छपाईकळ केली, आणि एक कागदी शिवणयंत्र केले, जे शिवत काहीच नसे, पण ज्याची सुई मात्र खरोखर वरखाली होई.

सप्टेंबरच्या अंकात त्यांनी बंदरावरची माल उचलणारी यारी दिली होती. तिच्यामुळेच ही पत्रे आली होती. सर्वांत वरचे पत्र इवाते जिल्ह्यातल्या एका डोंगरी शाळेच्या गुरुजींचे होते : ‘माझ्या वर्गातल्या सत्तावीस मुलांनी यारी करायला घेतली. एकाचीही उभी राहिली नाही. मी स्वतः पदवीधर आहे. माझीही राहिली नाही.’

दहा वाजता संचालक नागुमो यांनी बोलावले. नागुमोसाहेब एप्रिलमध्ये बँकेतून आले होते. दोन आगींतून, एका भूकंपातून आणि एका युद्धातून वाचलेली ही कंपनी आता दुकानांतून परत येणाऱ्या गठ्ठ्यांखाली दबू नये, एवढ्यासाठीच त्यांना आणले होते.

“उसामीसान, दुकानदार काय म्हणतात ठाऊक आहे? म्हणतात, अंक परत आला तर समजू शकतो, पण आता अंकामागून आयासुद्धा परत यायला लागल्यात. भांडायला.”

“चूक माझ्याकडे शोधतो, साहेब.”

“शोधा. नववर्षाच्या अंकाला पन्नासाहून जास्त तक्रारी आल्या, तर तुमचा विभाग बंद. भेटी बाहेरून विकत घेऊ. तुमचे चौघे गोदामात जातील.”

एवढे बोलून नागुमोसाहेबांनी समोरचे वर्तमानपत्र मिटायला घेतले आणि उसामी नमस्कार करून बाहेर पडले.

नववर्षाच्या अंकासाठी कागदाचा तराजू ठरला होता. वजने देता येत नव्हती, कारण धातू वर्ज्य. पण एका येनचे नाणे नेमके एक ग्रॅम भरते, आणि ते प्रत्येक मुलाच्या खिशात असते. या युक्तीवर उसामी मनातून खूश होते. शिवाय तराजू परीक्षेत उत्तीर्णही झाला होता. यारीही झाली होती, आणि तिथेच त्यांचे विचार अडले.

परीक्षेची पद्धत कंपनीच्या संस्थापकांनी घालून दिली होती. मुलांकडून भेटी करवून बघण्यात अर्थ नव्हता. कांदातली मुले छापखानेवाल्यांची आणि पुस्तकबांधणी करणाऱ्यांची, त्यांना दात येण्याआधी घडी येई. म्हणून संस्थापकांचा नियम असा की कंपनीतल्या सर्वांत वेंधळ्या माणसाने प्रत्येक भेट करून पाहावी. त्याला जमली तर होक्काइदोपासून क्यूशूपर्यंत कोणालाही जमेल. अकरा वर्षे हा मान मुद्रितशोधन विभागातल्या इबुकी सादाकिची यांच्याकडे होता. पहिल्याच वर्षी त्यांनी कागदी पतंगात स्वतःची बाही चिकटवली होती, आणि तो पतंग बाहीच्या तुकड्यासह अजूनही जिन्यात टांगलेला होता.

उसामींनी अकरा वर्षांच्या नोंदवह्या काढल्या आणि आलेखकागदावर ठिपके मांडले. १९४७ : पंचाण्णव मिनिटे. १९५० : सत्तर. १९५४ : एक्केचाळीस. यारी : बावीस. रेघ डोंगर उतरावा तशी सरळ खाली येत होती. उसामींनी पेन्सिल ठेवली. तंत्रविद्यालयात पहिल्याच आठवड्यात शिकवलेले त्यांना आठवले : काम चुकले तर आधी माप तपासावे.

त्यांनी इबुकींना बोलावून आलेख पुढे ठेवला. इबुकींनी चष्मा वर सरकवला, खाली घेतला.

“हे काय आहे?”

“तुमचे हात आहेत, इबुकीसान. सुधारले आहेत.”

“काहीतरीच काय बोलता! परवा चहाचा पेला फोडला मी.”

“पेल्याचं सोडा. कागदात तुम्ही आता कारागीर झालात.”

“म्हणजे मी आता निकामी,” इबुकी म्हणाले. “बायको शेजारणींना सांगते, आमचे हे कंपनीचे अधिकृत वेंधळे आहेत म्हणून. तिला काय तोंड दाखवू?”

“एकदा प्रयत्न करून बघू,” उसामी म्हणाले, कारण त्यांना इबुकींचे वाईट वाटले.

मग जाड सुती हातमोजे घालून इबुकींनी तराजू केला. अठ्ठावीस मिनिटे. फक्त डाव्या हाताने केला. सदतीस. डोळे बांधून केला तेव्हा तर तो आधीच्या दोन्हींपेक्षा नीटस झाला.

दुपारी उसामींनी इमारतीतल्या एकशे चौतीस जणांकडून आगपेटीएवढी कागदी डबी करवून घेतली. सर्वांत मागे राहिलेल्या टेलिफोनवालीनेही ती सहा मिनिटांत केली, तीही तीन फोन जोडता जोडता. वर्षानुवर्षे कागदात राहून सगळ्यांच्याच बोटांना शिस्त लागली होती. छपाईकळांवर तराजू गुरुवारी दुपारी चढायचा होता.

“एक माणूस आहे,” इबुकी खिडकीतून बाहेर पाहत म्हणाले. त्यांचा आवाज हळू झाला होता. “मी सहा महिने बघतोय त्याला. माझ्यासारख्यालाच कळतं ते. वर्तमानपत्र वाचून झालं की त्याला मिटता येत नाही, त्याचा कोबीचा गड्डा करतो. डब्याचं फडकं बायकोनं बांधलेलं असतं ते सोडतो, पण परत बांधता येत नाही म्हणून काखेत मारून घरी नेतो. असा हात, उसामीसान, पिढीत एकदा जन्माला येतो.”

“कोण?”

इबुकींनी बोट वर केले. वरच्या मजल्यावर एकच खोली होती.

मांजराच्या गळ्यात घंटा बांधायला दोघेही निघाले. मंगळवारी सकाळी नऊ वाजता ते नागुमोसाहेबांसमोर उभे होते. उसामींनी आलेख उलगडला, मापाची झीज समजावली, नव्या मापाची निकड सांगितली आणि ‘म्हणून’ या शब्दापाशी येऊन थांबले. पुढचे वाक्य त्यांनी रात्रभर रचले होते. आता ते कुठेच सापडेना.

“म्हणून काय?” साहेबांनी विचारले.

इबुकी कमरेत वाकले. “साहेब, अकरा वर्षं ह्या कंपनीतला सर्वांत वेंधळा माणूस मी होतो. ती जागा आता रिकामी झाली आहे. ती आपणच भरावी, अशी नम्र विनंती आहे.”

उसामींना गोदामाचा वास येऊ लागला. नागुमोसाहेबांच्या मानेवर लाली चढली, कानांपर्यंत गेली आणि तिथेच थांबली.

“तुम्हाला माझ्या बायकोनं सांगितलं?” त्यांनी विचारले.

“नाही, साहेब. वर्तमानपत्रानं.”

साहेबांनी टेबलावरच्या गड्ड्याकडे पाहिले. मग कोट काढला. “आणा तुमचा तराजू.”

एका तासात त्यांचा टाय तराजूच्या दांडीला चिकटला. दुसऱ्या तासात दोन्ही पारडी एकमेकांना चिकटली. ‘इथे घडी घाला’ हे वाचून त्यांनी सूचनांच्या कागदालाच घडी घातली. उसामी मागे उभे राहून हात जिथे जिथे थबकला ती ती जागा टिपत होते, आणि त्यांना इतका शुद्ध, इतका विश्वासार्ह अडाणीपणा आयुष्यात कधी मिळाला नव्हता. इबुकी डोळे पुसत होते; दुःखाने की कौतुकाने, ते त्यांनाही सांगता आले नसते. दोन तास पन्नास मिनिटांनी साहेबांनी हात टेकले. थबकण्याच्या जागा : अकरा.

“हा तराजू नाही,” साहेब म्हणाले. “ही शिक्षा आहे.”

“होय, साहेब. आणि ती आम्ही पावणेचार लाख मुलांना देणार होतो.”

उसामींनी अकराही जागा मोडून काढल्या. अडतीस तुकड्यांचे सोळा केले. डिंक पार हद्दपार केला आणि कागदाची जीभ खाचेत सरकवली की बसेल अशी रचना केली. कागदाच्या तंतूंची दिशा दांडीच्या लांबीला समांतर घेतली, म्हणजे दांडी वाकणार नाही. आपल्याला फार आवडलेली पारड्याखालची नक्षीदार झालर त्यांनी स्वतःच्या हाताने कापली.

बुधवारी दुपारी साहेब पुन्हा बसले. चौतिसाव्या मिनिटाला तराजू टेबलावर उभा होता, किंचित डावीकडे कललेला, पण उभा. साहेबांनी एका पारड्यात गुरुजींचे पत्र ठेवले आणि दुसऱ्यात एकेक नाणे टाकत गेले. आठव्या नाण्याला दांडी आडवी झाली. तराजू तळहातावर घेऊन ते स्वतःच्या खोलीत गेले आणि दार पायाने लावून घेतले.

रचना गुरुवारी वेळेवर छापखान्यात गेली. इबुकींना मापपालक असे नवे पद मिळाले. त्यांचे काम एकच : साहेबांच्या हातांवर नजर ठेवणे. नोव्हेंबरमध्ये एकदा साहेबांच्या खणात कागदाचे तीन बगळे सापडले, तेव्हा इबुकींनी ते जप्त केले.

“साहेब, सराव करायचा नाही. आपला हात सुधारला तर मुलांचं नुकसान.”

“बगळे दिसतायत का तरी ते?”

इबुकींनी एक बगळा उलटसुलट करून पाहिला. “नाही, साहेब. काळजी नको.”

नववर्षाचा अंक डिसेंबरात दुकानांत गेला. ३१ जानेवारी १९५९ च्या संध्याकाळी पाच वाजता उसामींनी पत्रे मोजली, मग सवयीने पुन्हा मोजली.

तक्रारी : एकोणीस.