पहारा समितीचा अध्यक्ष

सुवा शहराच्या कडेला, खाडीकाठच्या वस्तीत पहारा समिती नेमायची होती. पोलीस चौकीतल्या कॉर्पोरल तोरिकाने सभागृहात चटया अंथरल्या, यंगोनाचं, म्हणजे मुळ्या कुटून केलेल्या पेयाचं, लाकडी भांडं मधोमध मांडलं आणि सगळ्यांचं एकेक करवंटीभर पिऊन झाल्यावर विचारलं, "इथलं घरन् घर कोणाला ठाऊक आहे?"

सगळ्यांनी अपेनिसाकडे पाहिलं. वस्तीतला एकुलता एक चोर तो.

"मी?" अपेनिसा दचकला. "ताई, मला तुम्हीच तीनदा आत टाकलंय!"

"म्हणजे अनुभव आहे," तोरिका थट्टेने म्हणाली. पण तेवढ्यात त्याला अध्यक्ष करायला हात वर झालेही. लोकांचं ऐका, असं वरिष्ठांनी बजावलं होतं. तिने ऐकलं.

अपेनिसाने काम मनावर घेतलं. भरदुपारी घरोघरी शिरून तो एकेक वस्तू उचली, संध्याकाळी परत आणून देई आणि वर झापे, "रेडिओ खिडकीत ठेवता? लाज नाही वाटत?" लोक ओशाळत, कड्या बसवत. महिन्याभरात खऱ्या चोऱ्या थांबल्या. चोरालाच सवड नव्हती.

मग एके दिवशी म्हातारी लोसालिनी तणतणत चौकीत आली.

"लिहून घे. माझ्याकडे चोरी झाली नाही."

"बरंच झालं की, आजी."

"काय बरं? दोन्ही शेजारणींकडे झाली. मीच काय घोडं मारलंय? हिच्याकडे न्यायला आहे काय, म्हणतात मेल्या!"

तोरिकाला हसू फुटणार होतं, पण म्हातारीचे डोळे भरले होते. तोरिकाने तक्रार लिहून घेतली आणि अपेनिसाला बोलावलं.

"तिच्याकडे एक पातेलं आहे, तेही कायम चुलीवर," तो कुरकुरला.

"मग तेच उचल. सरकारी काम आहे."

दुसऱ्या दिवशी तो शिरला. पातेल्यात नारळाच्या दुधात अळूची पानं रटरटत होती. त्याने काठ धरून उचललं आणि बोंबच ठोकली. सकाळपासून दारामागे दबा धरून बसलेली लोसालिनी बाहेर उडी मारून ओरडली, "सापडला! सापडला!"

तोरिका धावत पोचली, तर अपेनिसा दोन्ही हात बादलीत बुडवून बसलेला, आणि म्हातारी त्याला घास भरवत होती.

"फडकं घ्यायचीसुद्धा अक्कल नाही मेल्याला!" मग आवाज चढवून, शेजारी ऐकू जाईल असं, "पण आला हो माझ्याकडे! अध्यक्ष जातीने आला!"

गुन्हा घडला लिहावं की टळला, या विचारात तोरिकाने वही उघडली.

"ठेव ते. आधी जेव," म्हातारीने तिच्यापुढेही ताट सरकवलं.

मीठ कमी होतं. अपेनिसाने तोरिकाकडे पाहिलं, तोरिकाने त्याच्याकडे. बोलायची छाती कोणालाच झाली नाही.