कुलसुमचा चढ

गडहिंग्लजच्या वाटेवरच्या चढाला त्या दिवशी पाच गावांची माणसं लोटली होती. चढावर करीमचा ट्रक थांबला होता, लढाईच्या काळातला, दोन टाक्यांचा जुना पेट्रोल ट्रक. काटा टाकी भरलेली दाखवत होता आणि इंजिन बंद. चार फेऱ्यांत हे चौथ्यांदा घडत होतं.

"भरल्या टाकीचा ट्रक अडवायला माणसाची ताकद न्हाय," पिराजी भगत सांगत होता. "कुलसुमबी हितं गेली. ती त्याला फुडं जाऊ देत न्हाय. ट्रक हितंच सोडा, तिचं ठाणं बांधू."

कुलसुम करीमची बायको. गेल्या वर्षी दवाखान्यात नेताना याच चढावर, याच ट्रकात तिनं प्राण सोडला होता. तेव्हापासून करीमच्या घरात बोलायला कुणी उरलं नव्हतं. चढावर ट्रक अडला की तो शेजारची सीट हातानं पुसायचा आणि "आलीस का?" म्हणायचा. ज्यावर पोट चालायचं तो ट्रकही सोडून द्यायला तो आज तयार झाला होता.

दर वेळी पिराजी पुटपुटत केबिनमध्ये हात घालायचा, टाकी बदलायच्या खटक्यावर अंगारा टाकायचा आणि वर हिरवं फडकं बांधायचा. मग ट्रक चालू व्हायचा, तोही काटा रिकामी टाकी दाखवत असताना. माणसं हात जोडायची. हा पिराजी पूर्वी ट्रकवर क्लीनर होता, हे सगळे सोयीस्कर विसरले होते.

आज त्याचा हात आत जायच्या आधीच ट्रकच्या वायरी बघणारा कृष्णात वायरमन पुढं आला. बातमी ऐकून तो एसटीनं धावत आला होता.

"करीमभाई, टाकीत काठी बुडवून बघितली का?"

करीमनं नकारार्थी मान हलवली. तीस वर्षांच्या ड्रायव्हरकीत त्यानं नुसत्या काट्यावर कधी भरवसा ठेवला नव्हता. या चार फेऱ्यांतच हात काठीकडे गेला नव्हता. घरी फडकं सोडताना खटका फिरलेला दिसायचा, तोही त्यानं गुपचूप परत जागेवर टाकून न बघितल्यासारखा केला होता. कारण त्याला ठाऊक होतं, काठी बुडवली की कुलसुमचं येणं थांबणार.

कृष्णातनं चालू असलेल्या डाव्या टाकीत काठी घातली. कोरडी आली. उजवीतली वरपर्यंत ओली.

"चूक माझी हाय," तो सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाला. "ह्या चार फेऱ्यांच्या आदी खटक्याच्या जळल्या वायरी मी बदलल्या, तवा काट्याच्या दोन वायरी उलट्या लावल्या. डावी चालू असली की काटा उजवीचं दावतोय. डावी संपत आली की चढाला उरलंसुरलं पेट्रोल मागं सरकतंय आन गाडी बंद. आन ह्यो बाबा फडक्याआड खटका उजवीवर टाकतोय."

त्यानं काट्याच्या दोन वायरींची अदलाबदल केली. काटा खाली पडला. खटका फिरवला, काटा वर चढला आणि ट्रक सुरू झाला.

"कुलसुमबी रुसली," पिराजी म्हणाला.

"रुसली न्हाय, डावी संपली," गर्दीतली धोंडुबाई म्हणाली. माणसं हसत पांगली.

करीमनं हळूच विचारलं, "म्हंजे ती नव्हतीच?"

"नव्हती, करीमभाई."

पुढच्या फेरीला चढाच्या अलीकडे काटा खाली आला. करीमनं स्वतः खटका फिरवला. ट्रक कुठंही न अडता चढू लागला, आणि त्याला फार एकटं वाटलं.

मग त्यानंच ब्रेक दाबला. खाली उतरून तो घटकाभर दगडावर बसला. माणसांनो, काठी बुडवून बघत जा. आपल्या माणसासाठी थांबायला भगत लागत नाही, आपला ब्रेक पुरतो.