काळ्या घुमटातला डोळा

खडी वाहून नेणाऱ्या पट्ट्यापाशी गोंगाट इतका, की माणसाचं बोलणं नुसतं ओठांवर दिसायचं. म्हणून तिथे एक रीत पडली होती. पट्टा अडकून थांबला, की कामगाराने आधी कॅमेऱ्याकडे हात वर करायचा आणि मगच रोलरखाली शिरायचं. तो बाहेर येऊन पुन्हा हात करीपर्यंत कंट्रोल रूममधली बाई बटणाला बोट लावायची नाही. बाई म्हणजे कामगाराची सख्खी वहिनी. घरी दीर तिला काही दाखवून करत नसे, इथे मात्र नेमाने करायचा.

मग जुने चार कॅमेरे बदलायची वेळ आली. बैठकीत फोरमन म्हणाला, "साहेब, पट्ट्यावरचा तरी एका जागी खिळलेलाच ठेवा. बिचाऱ्याला कंटाळा येत नाही."

"अहो, एकच फिरता घेऊ. चारी दिशा दिसतील!" मॅनेजर म्हणाले.

"दिसतील, पण एका वेळी एकच."

"तुम्हाला तरी एका वेळी किती दिसतात?"

सगळे हसले. बैठकीत हशा पिकला की ठराव मंजूर झाला असं समजतात.

नवा कॅमेरा काळ्या काचेच्या घुमटात बसला. आतला डोळा कुठे वळलाय, हे खालून ब्रह्मदेवाच्या बापालाही कळलं नसतं. फिरवायची एक दांडी वहिनीच्या टेबलावर, दुसरी मॅनेजरांच्या. दोघांनी एकदम फिरवली तर कॅमेरा मॅनेजरांचं ऐकायचा. हल्ली यंत्रंही माणूस पाहून वागतात.

एकदा पाहुणे आले. मॅनेजर त्यांना पडद्यावर फाटकाजवळची फुलझाडं दाखवत होते, पाकळी न् पाकळी. तेवढ्यात पट्टा थांबला. वहिनीने फोन लावला.

"साहेब, जरा पट्ट्याकडे वळवता का?"

"थांबा हो बाई, पाहुणे आहेत."

ती थांबली. पाहुण्यांचं मन भरलं, कॅमेरा परत वळला. पट्ट्यापाशी कुणी नव्हतं. हात वर झालेला दिसला नाही म्हणजे आत माणूस नाही, ही तिची वर्षानुवर्षांची सवय. तिने बटण दाबलं.

दीर वाचला. उजवा हात कोपरापासून गेला.

"वहिनी, मी हात केला होता गं," दवाखान्यात तो म्हणाला. तिने त्याची चादर नीट केली.

चौकशीत मॅनेजर म्हणाले, "हात केल्याचा पुरावा नाही. म्हणजे नियम त्यानेच मोडला. अशा माणसाला कामावर कसं ठेवायचं?"

"केला होता," वहिनी म्हणाली. "मला दिसला होता."

"दिसला, आणि तरी बटण दाबलंत?"

"हो."

त्या वेळी पडद्यावर फुलं होती, हे खोलीत सगळ्यांना ठाऊक होतं. पण ते बोलायचं, तर दांडी कुणाच्या हातात होती तेही बोलावं लागलं असतं. फोरमन आपल्या बुटांकडे बघत राहिला. दिराला फाटकावर बसायचं काम मिळालं, वहिनीला घरी बसायचं.

चौकशीत ती काय म्हणाली, ही बातमी तिच्याआधी घरी पोचली होती. रात्री जेवताना दिराचा डावा हात ताटात अडखळला. तिने घास करून पुढे धरला.

"नको," तो भिंतीकडे बघत म्हणाला. "तुला दिसला होता."