हात हलके होते ते सात महिने

पंचफुलाचं दुखणं लग्नानंतर पाचव्या वर्षी सुरू झालं. आधी बोटांची पेरं सुजली, मग मनगटं, मग गुडघे. सकाळी उठल्यावर दोन-दोन तास मूठ वळत नसे. लुगड्याची गाठसुद्धा नवरा, रुपराव, मारून द्यायचा. नागपूर जिल्ह्यातल्या खाप्याजवळ त्यांचा संत्र्याचा बगीचा होता. पण आंबटानं सांधे धरले असं जो तो म्हणे, म्हणून चार वर्षांत तिनं संत्र्याची एक फोड तोंडात घातली नव्हती. सूज काही हटली नाही. वर मूलबाळ नाही. आपल्याच हातून काहीतरी चुकलं असणार, हे तिच्या मनात घट्ट बसलं होतं.

१९७९ साली रुपराव तिला एसटीनं नागपूरला, मेडिकल कॉलेजच्या दवाखान्यात घेऊन आला. तिथे डॉक्टर चारुशीला भेटल्या. तिशीच्या असतील, संधिवाताच्या रुग्णांच्या रक्ताचा अभ्यास करत होत्या. त्यांनी पंचफुलाचं एकेक बोट हातात घेतलं, पण दाबलं नाही. एवढ्यानंच तिला धीर आला.

"बाई, मी काय खाल्लं म्हून असं झालं?"

"काही खाल्लं म्हणून नाही. आपल्या रक्तात पांढऱ्या पेशी असतात. बाहेरून रोग आला की त्या लढतात. तुमच्या पेशी तुमच्या सांध्यांनाच परकं समजून बसल्यात. त्यांना आवरणाऱ्याही काही पेशी असतात. त्या तुमच्यात कमी पडत असाव्यात, असं वाटतं. खात्री अजून कुणालाच नाही."

"मंग संत्रं?"

"खा की."

गाडीतळावर पंचफुलानं रुपरावला संत्री घ्यायला लावली. स्वतःचा बगीचा असणारा माणूस नागपुरात संत्री विकत घेताना जरा ओशाळलाच.

गोळ्यांनी दुखणं थोडं दबलं. दर खेपेला ती तपासणीसाठी रक्त द्यायची. ते मेंढीच्या रक्तात मिसळतात, मग तिच्या पांढऱ्या पेशींभोवती मेंढीच्या लाल पेशी फुलाच्या पाकळ्यांसारख्या चिकटतात आणि मोजता येतात, असं बाईंनी एकदा सूक्ष्मदर्शकातून दाखवलं होतं.

पुढच्या वर्षी तिला दिवस गेले. तिसरा महिना लागेस्तोवर सूज अशी ओसरली, की ती विहिरीवरून दोन-दोन बादल्या आणू लागली. नागपूरला जाऊन तिनं बाईंसमोर मूठ वळून दाखवली. "देवानं ऐकलं. मी बरी झाली."

बाई हसल्या आणि त्यांनी रक्त घेतलं. महिन्याभरानं ती पुन्हा गेली, तेव्हा त्यांनी तिला खुर्चीवर बसवलं.

"मागच्या खेपेपासून मनात चाललंय, सांगू की नको. बाळ बापाकडूनही आलेलं असतं, म्हणजे तुमच्या शरीराला अर्धं परकंच. त्याला इजा होऊ नये म्हणून आवरणाऱ्या पेशींचा जोर वाढत असावा, आणि त्यात तुमच्या सांध्यांचीही सुटका झाली. पण बाळंतपणानंतर हे दुखणं बहुतेक बायकांत परत येतं."

खाप्यापर्यंत पंचफुला खिडकीबाहेर बघत राहिली. घरी आल्यावर म्हणाली, "काहून सांगतलं बाईनं? तेवढे दिवस तं सुखानं जाऊ द्यायचे होते." दोन दिवस तिचा राग गेला नाही.

तिसऱ्या दिवशी तिनं छपरावरच्या वेलाचं एक कोहळं उतरवलं आणि रुपरावला अंगणात पाटावर बसवलं.

"पाय लांब करा. हे लेकरू समजा. पायावर पालथं घ्या, मान अशी धरा."

"कोहळ्याले मान कुठं हाय वं?"

"समजा ना. माहे हात गेल्यावर कोण न्हाऊ घालीन त्याले?"

रुपराव हसता हसता थांबला. मग त्यानं कोहळ्यावर बेतानं पाणी ओतलं. पुढच्या महिन्यांत तो लंगोट बांधायला शिकला, भाकर थापायला शिकला. ती मात्र हात आहेत तोवर गोधड्या शिवत सुटली. चार झाल्या.

मुलगी झाली. नाव उत्तरा ठेवलं. सहाव्या आठवड्यात एका सकाळी बाळ कुशीत रडत होतं आणि पंचफुलाला ते उचलता येईना. बोटं वळेनात. तिनं नवऱ्याला हाक मारली नाही. नुसतीच रडत राहिली. आवाजानं रुपराव आत आला, पोरीला उचलून तिच्या छातीशी धरून बसला. तासाभरानं अंगणात पाणी तापवलं. शेजारच्या बायका कुडावरून बघायला लागल्या.

"पोरीले न्हाऊ घालून राहिलो," तो म्हणाला, "चोरी नाई करून राहिलो."

पोरीचं अंगावरचं दूध सुटल्यावर बाईंनी संधिवातावर देतात ती सोन्याच्या क्षाराची इंजेक्शनं सुरू केली. बऱ्याच महिन्यांनी गुण आला, तोही अर्धामुर्धा. उजव्या हाताची दोन बोटं वाकडी राहिली ती राहिलीच. तरी भाजी चिरता यायची, पोरीची वेणी सैल का होईना, घालता यायची.

उत्तरा चार वर्षांची असताना तपासणीच्या टेबलाशी बसून पंचफुलानं हळूच विचारलं, "बाई, पुन्हा दिवस गेले तं पुन्हा सात महिने हात हलके होतीन का?"

चारुशीलाबाईंच्या हातातली सुई थांबली. "होतील बहुतेक. आणि नंतर..."

"ठाऊक हाय नंतरचं," पंचफुला म्हणाली. "नाई जी, एक हाय तेच पुरे. उगाच विचारून पाह्यलं." आणि रक्तासाठी तिनं हात पुढे केला.