हरताळाचं वेढणं

"चाटवलंत? हे?" इरावतीचा आवाज एवढा चढला की आशाबाईंच्या हातातली सहाण कलली.

सहाणेवर मध होता आणि मधात ते पिवळंधमक वेढणं, बिनखड्याची साधी अंगठी. व्हिसा रखडल्यामुळे सासूबाई बाळंतपणाला एडिनबराला पोहोचू शकल्या नव्हत्या. जन्मल्या जन्मल्या चाटवायचं सोनं-मधाचं बोट राहून गेलं, ते त्यांनी आज बारशाआधी नातीच्या ओठांना लावलं होतं.

"अगं, सोनंच तर आहे. तुझ्याच शेल्फवरचं. जरासं उगाळलं, बोटाला लागेल एवढं."

ते सोनं नव्हतंच. चांदीला हरताळ चढवला होता, आणि हरताळ म्हणजे आर्सेनिक, विष. इरावती विद्यापीठात बायझंटाइन किमयागारांचा अभ्यास करत होती. कॉन्स्टँटिनोपलच्या सोनारांच्या कृती, ज्या पुढे मठातल्या लोकांनी समजोत न समजोत उतरवून ठेवल्या, त्या प्रयोगशाळेत करून बघायच्या, हे तिचं काम. नकली सोनं विकून गावोगावच्या सोनारांना टोपी घालणारा आणि शेवटी सम्राटालाच सोन्याचा लगाम भेट द्यायला गेलेला भामटा तिच्या वर्गाचा लाडका होता. सम्राटाने लगाम ठेवून घेतला आणि भामट्याला हद्दपार केलं. पोरं दरवर्षी हसत.

हे वेढणं असं काही उतरलं की नियम धाब्यावर बसवून तिने ते पर्समधून घरी आणलं. कोणाला तरी दाखवावंसं वाटत होतं, एवढंच.

इरावतीच्या नवऱ्याने, अंशुमनने, लगेच गाडी काढली. बाळ शांत झोपलं होतं आणि इरावती दर मिनिटाला त्याच्या नाकापाशी हात धरून श्वास बघत होती.

हॉस्पिटलमध्ये डॉक्टरांनी सगळं नीट विचारून घेतलं. काय दिलं, किती, कोणी. आशाबाई कोणी सांगायच्या आतच पुढे झाल्या. "आय गेव्ह. शी डोन्ट नो," त्या म्हणाल्या, आणि ते बोट वर करून दाखवलं.

"आई, इथे बेबीला मधसुद्धा अलाऊड नाहीये!" अंशुमन उसळला. "फोनवर किती वेळा सांगितलं मी! इथे आल्या आल्या तुझं सुरू!"

आशाबाईंनी वर केलेलं बोट पदराआड नेलं. इरावतीने डॉक्टरांना सांगितलं की वेढणं तिचं, लॅबमधलं. ते खरंच होतं. पण परवाचं तिने सांगितलं नाही. परवा आशाबाईंनी वेढणं खिडकीपाशी नेऊन निरखलं होतं. "बाई गं, किती चोख आहे! माहेरचं का?" त्यावर ती नुसती हसली होती. माणसाला खरं वाटलं म्हणजे आपली कृती साधली, या खुशीत ती हसली होती. आशाबाईंनीही ते कोणाला सांगितलं नाही.

दुसऱ्या दिवशी रिपोर्ट आले. पोटात गेलं ते नगण्य, घाबरण्यासारखं काही नाही, पुढचे काही आठवडे लक्ष ठेवा. इरावती तिथेच रडली.

घरी आल्यावर राहिलेलं बारसं उरकायचं ठरलं. अंशुमनला बहीण नाही, म्हणून आत्याचा मान आजीला. पाळणा सजला, पण आशाबाई खोलीच्या दारातून आत येईनात.

"या ना आई," इरावती म्हणाली.

"इथं बरी आहे मी."

इरावतीला राहवेना. "अंशू, आईंनी मला विचारलं होतं, चोख सोनं आहे, माहेरचं का म्हणून. मी नाही म्हटलं नाही. हसले. चूक माझी आहे, त्यांची नाही."

अंशुमन पाळण्याची दोरी चाचपत राहिला. आशाबाईंनी मान हलवली. "तू सांगितलंस, बरं वाटलं गं. पण बोट माझंच होतं ना."

"आई, प्लीज. नाव कानात सांगायचं असतं."

"ऐकू जाईल तिला."

दोन्ही हात पाठीमागे धरून, उंबऱ्याच्या अलीकडूनच, शेजाऱ्यांना ऐकू जाईल एवढ्या मोठ्याने त्यांनी नातीचं नाव घेतलं. "देविका." बाळाने डोळेही उघडले नाहीत. मग त्या हात धुवायला गेल्या, आणि किती तरी वेळ नळ वाहत होता.