गिरिधररावांच्या समोरची खुर्ची

"इतके सर्व्हर कोण घेऊन राह्यलं रे?" गिरिधररावांनी स्क्रीनवर बोट ठेवलं. "मुकुल, यात कायतरी गडबड आहे."

"गडबड कशाची, काका? आता बटण दाबलं की लगेच सर्व्हर मिळतो. लोक घेऊन राह्यले." विभागात नवीनच आलेला मुकुल हसला. ते हसूही गिरिधररावांना बरं वाटलं नाही.

नवीन जालन्यातल्या या बियाणे कंपनीत कुणालाही सर्व्हर लागला की कालपरवापर्यंत संगणक विभाग सांभाळणाऱ्या गिरिधररावांकडेच यावं लागे. ते समोरच्या खुर्चीवर बसवत, चहा मागवत आणि विचारत, "कशाला पाहिजे?" मग मागणी तशीच पडून राहू देत. बियाणं ओल्या गोणपाटात ठेवून उगवण बघतात ना, तसं. गरज खरी असेल तर माणूस पुन्हा येईल. नाही आला, म्हणजे गरजच नव्हती. या एका नियमावर त्यांनी अख्खी नोकरी काढली होती.

मुकुलने बटण आणलं आणि खुर्ची ओस पडली. आपल्याला घरी बसवायला हा पोरगा खोटीच मागणी फुगवतोय, कुठंतरी पाणी मुरतंय, अशी त्यांची खात्रीच झाली. त्यात सगळ्यात जास्त सर्व्हर निघाले प्रयोगशाळेतल्या सरोजिनीबाईंच्या नावावर. बाई तर कधी काही मागत नसत! चोर सापडला म्हणून ते तडक प्रयोगशाळेत गेले.

"बाई, तुमच्या नावावर सर्व्हर कोण घेऊन राह्यलं?"

"मीच की. रोपांचे फोटो तपासायला लागतात."

"पण तुम्ही कधी मागितलेच न्हाई!"

"मागितल्ते ना. नवीन होते तव्हा. तुम्ही चहा पाजला अन् थांबा म्हणले." बाई ओशाळं हसल्या. "पुन्हा यायचा धीर न्हाई झाला. मंग बसले रोपं डोळ्यांनीच मोजत."

"आत्तापर्यंत?"

"मंग काय."

गिरिधररावांना फार वाईट वाटलं. बाई परत आल्या नव्हत्या त्या गरज नव्हती म्हणून नव्हे, तर धीर झाला नाही म्हणून. अशा आणखी किती जणांना आपण चहा पाजून परत पाठवलं, हे आठवायचीही त्यांना भीती वाटली.

दुपारी सरोजिनीबाई त्यांच्या दारात आल्या. "ही समोरची खुर्ची रिकामीच राहती ना, काका? नेऊ का आमच्याकडं?"

"कशाला..." सवयीनं तोंडात आलेलं त्यांनी गिळलं. उठून रुमालानं खुर्ची पुसली आणि स्वतःच उचलून प्रयोगशाळेकडे निघाले.